सह्यांच्या ड्रावरची चाबी

कोणी ऑफिसात पेढ्याचा डब्बा घेऊन आलं, की मी आधी कंबरेले हात लावून पाहत होती. चाबी जागेवर आहे का? आहे. मग पेढा खात होती. बावीस वर्षं मी भंडाऱ्याले एका साहेबांच्या ऑफिसात काम केलं. ज्याचं काम सरळ आहे तो आपल्या ऑफिसचा चहा पिऊन जाते. पेढे आणणारा काही तरी मागाले येते.

तुम्ही म्हणसान, बुढीनं पहिल्याच ओळीत शक घेतला. घेतला. शक घेणं हेच माझं काम होतं. पगार मात्र झाडझूड करायचा भेटत होता.

माझं नाव सगुणा. राहते शहापूरले. तिसरी शिकली. हळूहळू वाचता येते, लिवताना बोट दुखते. सकाळी ऑटोत बसून भंडाऱ्याले यायचं, ऑफिस उघडायचं, झाडू मारायचा, पाणी भरायचं, चहा ठेवायचा, पोस्टात जायचं, अन् फायलीवरची धूळ झटकायची. आमचे साहेब कंपन्यायचे कागद करत. आता तब्येतीनं मी काम सोडलं, म्हणून बोलून राहिली. कामावर होती तेव्हा तोंड बंद होतं अन् कान उघडे.

कंपनी म्हटलं की लोकायले उंच चिमणी दिसते, भोंगा ऐकू येते. तसं काही नसते. दोन माणसं अन् एक पत्ता असला, की प्रायव्हेट कंपनी होते. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, दीर-भावजय. साहेब म्हणत, "मावशी, कायद्यात कंपनी म्हणजे एक वेगळा माणूस असते." मले ते गंज दिवस समजलं नाही. ज्याले पाय नाही, तोंड नाही, तो माणूस कसा? मग समजलं. तोंड नाही म्हणूनच तर त्याच्या नावानं कोणीही बोलून जाते.

नवीन कंपनीवाला आला की साहेब त्याले एका दमात सांगत. तीस दिवसांच्या आत पहिली बैठक घ्या. तीस दिवसांतच ऑडिटर नेमा. साठ दिवसांत शेअरचे कागद ज्याचे त्याले द्या. शेअरचा पैसा बँकेत भरा, अन् एकशेऐंशी दिवसांच्या आत धंदा सुरू केला म्हणून सरकारले कळवा. समोरचा माणूस नुसती मान हालवे. बाहेर आला की मले विचारे, "मावशी, साहेब काय म्हणून राहिले होते वो?"

मी त्याले धानावर सांगत होती. आमच्याकडे परे म्हणजे धानाची रोपं, रोवणा म्हणजे लावणी, अन् चुरणा म्हणजे मळणी. "हे पाहा भाऊ. परे टाकल्यापासून रोवण्याले जेवढे दिवस लागते, तेवढ्यात पहिली बैठक अन् ऑडिटर. रोवणा होऊन धान उभं राहिलं, की शेअरचे कागद. अन् परे टाकल्यापासून चुरणा होईपर्यंत धंद्याचा कागद सरकारात गेला पायजे. चुरणा होऊन गेल्यावर आला, तर दंड." मग त्याले समजे. एकदा साहेबांनी आतून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तेही गिऱ्हाइकाले विचाराले लागले, "तुमचे परे कधी टाकले?"

पाटीचं मात्र कोणाले खरं वाटत नोतं. कंपनीचा जो पत्ता सरकारात लिवला, तिथं दाराच्या बाहेर कंपनीच्या नावाची पाटी पायजे. लोक म्हणत, "अवो मावशी, आमच्या गावात शेंबडं पोट्टंही आमचं घर दाखवते, पाटी कायले?" एकानं पाटी बनवली अन् गाडीच्या मागं लावली, म्हणे गावभर नाव होते. एकाची पाटी त्याच्या सासऱ्यानं म्हशीच्या गोठ्यावर पत्रा म्हणून टाकली. साहेब डोक्याले हात लावत. मी म्हणत होती, चला, म्हशीले तरी माहीत आहे कंपनी कुठी आहे.

आता त्या ड्रावरची गोष्ट.

कंपनीच्या सरकारी कागदावर पेनानं सही चालत नाही. सरकारले जो कागद जाते, तो कॉम्प्युटरवरून जाते, अन् त्याच्यावरची सही एका बोटाएवढ्या दांडीत असते. तिले डोंगल म्हणतात. कॉम्प्युटरमधी खुपसली, एक नंबर टाकला, की सही झाली. ज्या माणसाची सही आहे, तो माणूस तिथं असो की नसो. सही म्हणजे डोंगल अन् नंबर, एवढंच.

कायद्यानं ज्याची सही त्याच्याजवळ राहाले पायजे. पण गावावरून कोण येते घडीघडी? लोक म्हणत, "राहू द्या साहेब तुमच्याचकडे." असे डोंगल जमले. साहेबांच्या ऑफिसात एक ड्रावर त्याइनंच भरला. मी एकेकाले धागा बांधला, धाग्याले नावाची चिठ्ठी. कोणी कोणी तर त्याच्यावरच नंबर लिवून ठेवला होता. एकदा दोघायचे डोंगल बदलले, अन् पवनीच्या माणसाची सही तुमसरच्या कागदावर होता होता राहिली. तेव्हापासून साहेबांनी ड्रावरले कुलूप लावलं अन् चाबी मले देल्ली. म्हणे, "मावशी, तुम्ही कोणावर भरोसा ठेवत नाही, चाबी तुमच्याजवळच बरी."

मी भरोसा काहून ठेवत नाही, ते सांगते.

ऑफिसात यायच्या आधी मी मातीकाम केलं. रोजगार हमीवर. नवरा अन् मी दोघंही तलावाच्या पाळीवर माती टाकत होतो. तो तापानं गेला. तेरवी झाली. चौदाव्या दिवशी मी पाळीवर परत गेली, घरी दोन लेकरं होती. हप्त्याच्या दिवशी पैसे वाटाले हजेरीचं मस्टर उघडून ठेवलं होतं. मी सही कराले वाकली. माझ्या नावाच्या वरच त्याचं नाव. अन् त्याच्या नावापुढं हजेरी भरलेली. सहा दिवस. ज्या दिवसायले मी नदीवर त्याच्या नावानं पाणी सोडून राहिली होती, त्या दिवसायले तो पाळीवर माती टाकत होता.

मी मुकादमाच्या तोंडाकडे पाहिलं. तो म्हणे, "कर वो बाई सही लवकर, मागं लाईन आहे."

मी सही केली. दुसरं काम नोतं. कोणाले सांगतलं नाही. पण तेव्हापासून कागदावर 'हजर' हा शब्द दिसला, की माझं बोट त्याच्यावर थांबते. कोण हजर? कोणी पाहिलं?

ऑफिसात तर हा शब्द रोज दिसे. कंपनीत बैठक झाली की ती लिवून ठेवा लागते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण हजर, काय ठरलं. त्याले मिनिट्स म्हणतात. प्रायव्हेट कंपनीत कमीत कमी दोन डायरेक्टर पायजे, अन् बैठकीत दोन डायरेक्टर हजर नसले तर ती बैठकच होत नाही. पण खरी बैठक कोण घेते? दोन भाऊ जेवताना बोलले, झाली बैठक. नाही बोलले, तरी झाली. आमच्या ऑफिसातली वर्षा कॉम्प्युटरवर बसे, दोन लेकरायची माय, बोलकी. ती टाईप करता करता मोठ्यानं वाचे, "अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता, हजर अमुक अन् तमुक." सगळ्या कंपन्यायच्या बैठका अकरालेच होत. मी एकदा साहेबांले म्हटलं, "साहेब, साऱ्या जिल्ह्यात अकराले चहा कोण ठेवते?" साहेब हासले. म्हणे, "मावशी, कागदाच्या बैठका सगळ्यायच्याच असतात. त्याच्यात कोणाचं वाईट होत नाही."

मीही तसंच समजली होती. मग एक ड्रायव्हर आला.

लाखनीकडचा बुढा माणूस. ट्रक चालवे. त्याच्या मालकाले दुसरा डायरेक्टर पायजे होता, म्हणून यालेच केलं. पहिल्या दिवशी आला तेव्हा खूष होता. मले म्हणे, "मावशी, ड्रायव्हरचा डायरेक्टर झालो! दोन-तीन अक्षरंच तर बदलली." त्याचा डोंगल आमच्या ड्रावरात राहिला. मालकाचा फोन आला की साहेब म्हणत, "मावशी, तो लाखनीवाला काढा." मी काढत होती. ड्रायव्हर काही परत आला नाही.

गंज वर्षांनी आला. हातात नोटीस. कंपनीनं तीन वर्षं कागद भरले नोते, कंपनीचं नाव सरकारनं काढून टाकलं, मालक गाव सोडून गेला होता, अन् कागदावर उरला होता हा एकटा. खुर्चीवर बसला नाही. मलेच विचारे, "मावशी, मी कोठी कोठी सही केली, थोडं पाहून सांगता का?"

त्यानं कुठीच केली नोती. काढून देणारी मी होती. मी त्याले पाणी देल्लं. तो पाणी पिऊन, गिलास स्वतः धुऊन, जिना उतरून गेला. तो गिलास धुवायची त्याले काय गरज होती, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

त्याच्यानंतर कुसुमची कंपनी आली.

कुसुम आसगावची. तिच्या नवऱ्याची लहानशी राईस मिल. नवरा गेला, तेव्हा मिल कुसुमवर अन् तिच्या दिरावर आली. दिराचं नाव भास्कर. दोघायनं मिळून कंपनी केली. दोघंच डायरेक्टर, दोघायचा हिस्सा सारखा. कंपनीले नाव देल्लं कुसुमच्या नवऱ्याचं.

मले दोघायचाही शक आला. भास्कर बहुत गोड बोले, येताना पेढे आणे, मले 'माय' म्हणे. अन् कुसुम काहीच बोलत नोती. साहेब म्हणत इथं सही, ती करे. इथं, ती करे. मले वाटलं, एक तर ही बाई भोळी आहे, नाही तर बहुत हुशार. दोन्हीचा धोका असते.

परे, रोवणा, सगळं वेळेवर झालं. धंदा सुरू केल्याचा कागद राहिला होता. त्याच्यासाठी साहेबांले आसगावच्या ऑफिसाचा फोटो पायजे होता, पाटी दिसत असलेला, अन् सोबत एक डायरेक्टर. भास्कर फोनवर म्हणे पाठवतो, पाठवतो. पाठवला नाही. शेवटी साहेब म्हणे, "मावशी, ऑफिसचा फोन घ्या अन् बुधवारी जाऊन या. त्या फोनात फोटोवर तारीख अन् टाईम आपोआप येते, बाकी काही करू नका."

बुधवारी मी पवनीची गाडी धरली, पुढं ऑटो. कुसुमच्या घरी पोचली. मिल बाजूलेच, पण बंद होती. समोरच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या, धानाचे दोन पोते. बाहेर भिंत कोरी.

"पाटी कुठी आहे वो?"

"आत आहे मावशी."

"आत? पाटी बाहेर लावतात."

"बाहेर माकडं येतात."

"माकडायले वाचता येत नाही. दाखव बरं कुठी आहे ते."

ती मले देवाच्या खोलीत घेऊन गेली. पाटी देवाजवळ उभी करून ठेवलेली. हळद-कुंकू लावलेलं, समोर उदबत्ती. कुसुम हळूच म्हणे, "ह्याइचं नाव आहे न त्याच्यावर. उन्हापाण्यात कसं टांगू?"

मी पाटी उचलून तिच्या हातात देल्ली. मग म्हटलं, "नाव आत ठेवलं तर तुले एकटीलेच दिसन. बाहेर लावलं तर कोणाले नाही म्हणता येणार नाही."

तिनं पदरानं कुंकू पुसलं. पूर्ण पुसलं नाही, एका कोपऱ्यात राहू देल्लं. स्टुलावर चढून खिळा तिनंच ठोकला. मी स्टूल धरलं.

"भास्कर कुठी आहे?"

"भाऊजी लाखनीले गेले, ट्रक घेऊन. सांजेले येईन."

पाटीखाली कुसुमले उभं केलं अन् फोटो काढला. मधातच तिची शेळी येऊन उभी राहिली. हाकलली तरी जाईना. शेवटी शेळीसकटच फोटो आला. फोटोवर तारीख, अन् टाईम अकरा वाजून दहा मिनिटं. साहेब ऑफिसात फोटो पाहून म्हणे, "मावशी, ही तिसरी डायरेक्टर कोण?"

दुसऱ्या हप्त्यात भास्कर सकाळीच आला. या वेळी दोन डब्बे. पेढे अन् वरून काजूकतली. मले म्हणे, "माय, घे, नाही म्हणू नको." मी कंबरेले हात लावला. चाबी होती. पेढा घेतला नाही.

साहेब दुपारी आले, तेव्हा तो त्यायच्याजवळ दहा मिनिटं बसला. मग वर्षा टाईप कराले लागली, अन् मोठ्यानं वाचाले. मी फरशी पुसून राहिली होती.

"...बुधवारी सकाळी अकरा वाजता कंपनीच्या आसगाव येथील कार्यालयात बैठक झाली. हजर, श्रीमती कुसुम. हजर, श्री भास्कर. श्री भास्कर यांच्या पत्नीची संचालक म्हणून नेमणूक करण्यात आली. श्रीमती कुसुम यांनी घरगुती कारणामुळे राजीनामा दिला, तो मंजूर करण्यात आला."

माझा हात पोतेऱ्यावरच थांबला. त्या बुधवारी, त्या टायमाले, त्या ऑफिसात तीन जणं होते. कुसुम, मी अन् शेळी.

साहेबांनी आतून आवाज देल्ला, "मावशी, आसगाववाल्यायचे दोन्ही डोंगल काढा." राजीनाम्यावरही कुसुमची डोंगलचीच सही लागणार होती. एक घडी, चिठ्ठीवर लिवलेला तिचा नंबर, अन् ती कंपनीतून बाहेर. तिले कळालेही दोन महिने लागले असते.

भास्कर ड्रावरजवळ येऊन उभा राहिला. "दे माय, लवकर. मले परत जायचं आहे."

मी म्हटलं, "चाबी घरी राहिली."

चाबी कंबरेले खोचलेल्या पदराच्या गाठीले होती. बावीस वर्षांत ऑफिसात मी एवढं एकच खोटं बोलली.

"घरी कशी राहिली? सकाळी तर ड्रावर उघडला होता, मी पाहिलं."

"मग सकाळनंतर राहिली."

वर्षा खाली मान घालून हासाले लागली. भास्कर मोठ्यानं म्हणे, "साहेब, तुमची बाई काय म्हणते पाहा!" साहेबांनी मले आत बोलावलं. त्या चार पावलात मले साहेबांचाच शक आला. काजूकतली टेबलावर होती, डब्बा उघडला होता. मले वाटलं, यायलेही यानं फोडलं. आता माझं काम गेलं. जाऊ द्या, मातीकाम काही संपलं नाही.

मी म्हटलं, "साहेब, हे बुधवारच्या बैठकीत कुसुम हजर होती म्हणता. मग माझी हजेरी काहून नाही लिवली? मी पण तिथंच होती."

"तुम्ही?"

"तुम्हीच तर पाठवलं. फोन पाहा न."

साहेबांनी फोन काढला. फोटो पाहिला. तारीख पाहिली, अकरा वाजून दहा पाहिले. बाहेरून वर्षाचा कागद मागवला अन् फोटोच्या बाजूले ठेवला. भास्करले आत बोलावून खुर्चीवर बसवलं. मग भास्करले विचारलं, "तुम्ही बुधवारी कुठं होता?"

"घरीच होतो साहेब."

"मग फोटोत काहून नाही?"

"आत होतो."

मी म्हटलं, "आत देव होते. मी पाहून आली."

साहेबांनी कुसुमले फोन लावला, आवाज मोठा केला. "ताई, तुम्ही राजीनामा दिला का?"

तिकडून कोंबड्यायचा आवाज, मग कुसुमचा. "कायचा राजीनामा साहेब? मी धान वाळू घालून राहिली."

साहेबांनी वर्षाचा कागद उभा फाडला. मग आडवा. मले म्हणे, "मावशी, हा डब्बा त्यायले परत द्या." डब्ब्यातली एकही वडी कमी नोती. मी मोजली. साहेबांवर शक घेतला याची मले लाज वाटली, पण मोजली.

भास्कर खुर्चीवरच बसून राहिला. गोड आवाज गेला होता. म्हणे, "साहेब, ट्रक मी भरतो. हमालाशी मी भांडतो. दळण बिघडलं तर शिव्या मी खातो. अन् पाटीवर नाव भावाचं, सही वहिनीची. मी कोण आहे तिथं?"

त्याचं बोलणं खोटं नोतं. हजेरी खोटी होती.

साहेब म्हणे, "हे तुम्ही तिच्यासमोर बोलायचं होतं. बैठक त्याच्याचसाठी असते." हे साहेबांनी भास्करले म्हटलं, पण तोंड माझ्याकडे होतं. मले वाटते ते स्वतःलेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी कुसुम आली. तिले सगळं सांगतलं. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "भाऊजीले नाव पायजे होतं, तर मले काहून नाही म्हटलं?" मी ड्रावर उघडला, तिचा डोंगल काढून तिच्या हातात ठेवला. "वर्षाजवळ बसून नंबर बदलून घे. अन् कोणाले सांगू नको. मले पण नाही."

ती म्हणे, "मावशी, तुमच्याचजवळ राहू द्या न. घरी हरवन."

"माझ्याजवळ कायले? उद्या मले कोणी काजूकतली देईन तर?"

"तुम्ही खाणार नाही."

"तुले काय माहीत? मले तर माहीत नाही."

मग मी तिले ड्रायव्हरची गोष्ट सांगतली. त्यानं गिलास धुतला तोपर्यंतची. कोणाले सांगायची पहिलीच वेळ होती. तिनं डोंगल मंगळसूत्राच्या जुन्या डब्बीत ठेवला अन् डब्बी थैलीच्या तळाले घातली.

साहेबांनी त्याच हप्त्यात सगळ्यायले फोन करून डोंगल घेऊन जा म्हणून सांगतलं. लोक कुरकुरत आले अन् घेऊन गेले. महिना झाला नाही तर अर्धे परत आले. "साहेब, तुमच्याचकडे राहू द्या, पोट्टे खेळतात त्याच्याशी." ड्रावर परत भरला. साहेबांनी एक वही केली, ज्याचा डोंगल काढला त्याले आधी फोन, मग वहीत नोंद. वही माझ्याजवळ. मी कोणाचाही फोन झाल्याशिवाय चाबी काढली नाही. लोकायले माझा राग येत होता. येऊ द्या.

साहेबांनी कुसुमले अन् भास्करले सांगतलं, खरी बैठक घ्या. सात दिवस आधी नोटीस द्या. भास्करनं नोटीस घेतली अन् पोचल्याची सही केली, पेनानं. कुसुमनं मले फोन केला, "मावशी, तुम्ही या." मी म्हटलं, "मी कायले? मी काही तुमच्या कंपनीची नाही." ती म्हणे, "तुम्ही मागच्या बैठकीले होत्या. जी झाली नाही, तिले."

मी गेली. पाटी बाहेरच होती. कोपऱ्यातलं कुंकू फिकं झालं होतं. समोरच्या खोलीत त्याच दोन खुर्च्या, एकीवर कुसुम, एकीवर भास्कर. मी दाराजवळ पोत्यावर बसली. कुसुमनं उठून सगळ्यायले चहा देल्ला. मग कुसुम म्हणे, "भाऊजी, बोला." भास्कर जमिनीकडे पाहून बोलला, जे ऑफिसात बोलला तेच. कुसुमनं सगळं ऐकलं. मग म्हणे, "मिलचं सगळं काम तुम्ही पाहता, हे लिवू. पगारही लिवू. पाटीवरचं नाव राहू द्या. माझंही राहू द्या."

"लिव," भास्कर म्हणे.

त्यायचं आता चांगलं जमते का, मले माहीत नाही. मले पूर्ण भरोसा नाही. पण एकाले सोडून दुसऱ्याले बैठक घेता येत नाही, एवढं कायद्यानं बांधून ठेवलं आहे. सहा महिन्यांत एकदा तरी दोघायले त्या खोलीत बसा लागते.

कुसुमनं वही काढली अन् आपल्या हातानं लिवाले लागली. हजर, कुसुम. हजर, भास्कर. मग थांबली. म्हणे, "मावशी, साहेब म्हणत होते, डायरेक्टर नसला पण बैठकीत बोलावला असला, तर त्याचं नाव खाली निमंत्रित म्हणून लिवता येते. तुमचं लिवते."

मी पोत्यावरून उठून टेबलाजवळ गेली. तिनं लिवलं. वही माझ्याकडे फिरवली. मी बोट ठेवून वाचलं, एक एक अक्षर. आसगाव बरोबर. वार बरोबर. माझं नाव बरोबर, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. मातीकामाच्या मस्टरनंतर आमची दोघायची नावं एका कागदावर पहिल्यांदाच पाहिली. मग बोट वर नेलं. टाईम, सकाळी अकरा.

मी म्हटलं, "माय, साडेअकरा कर. अकराले मी अजून ऑटोतच होती."